गाडी हिसकावण्याचे प्रसंग : तुमचे अनुभव सांगा

रानजाई :
माझा भाऊ टुरिस्ट गाडी चालवतो. मागच्या महिन्यात रात्रीच्या भाड्यात तिघांनी चाकू लावून गाडी नेली. भाऊ सुखरूप आहे, गाडीचा पत्ता नाही. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर फॉरवर्डांचा पाऊस पडतोय. इथे कृपया स्वतःवर किंवा घरात बेतलेलंच लिहा.

स्टेअरिंगवाला :
ताई, भाऊ घरी आला ना, बस्स. मी मुंबई-नाशिक भाडी मारतो. रात्री एकटा पॅसेंजर असला की पुढं डाव्या सीटवर बसवतो, पाठीमागं बसला की गळ्यात दोरी टाकायला सोपं. निघताना त्यांच्यादेखत घरी फोन करतो : 'तिघं आहेत, अमक्या ठिकाणी सोडतोय.' कसाऱ्याचा घाट चढल्यावर एकदा तिघं लघवीला थांबव म्हणून लय मागं लागले. 'आलाच पंप, आलाच पंप' करत घोटीच्या टोलनाक्यावर उजेडात गाडी लावली. उतरले, पण लघवीला एकही गेला नाही! भाडं तिथंच सोडलं.

तिरकस :
काचेवर अंडं फेकतात, वायपर लावू नका, हा फॉरवर्ड मी कॉलेजात असल्यापासून वाचतोय. प्रत्यक्ष अंडं पडलेला माणूस भेटला नाही. कुणी आहे का?

मुक्ता :
अंडं नाही, पण 'मॅडम, मागच्या चाकातून धूर येतोय' झालंय. हायवेला बाईकवर दोन पोरं, हातवारे करत बराच वेळ बाजूने. गाडी नीट चालत होती, आवाज नाही, वास नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. काच वरच ठेवून पंपावर गेले. चाकाला काही झालं नव्हतं. खरोखर पंक्चर असतं तरी रिम खराब झालेली परवडली असती.

जोबर्गकर :
आम्ही जोहान्सबर्गला राहतो. दक्षिण आफ्रिकेत 2022-23 या एका वर्षात वीस हजारांहून जास्त गाड्या अशा हिसकावल्या गेल्या. इथे रस्त्याकडेला 'हायजॅकिंग हॉटस्पॉट' असे सरकारी फलक असतात. नवीन माणूस फोटो काढतो, जुना काच वर आहे का बघतो.

पण सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे स्वतःचं फाटक. गाडी फाटकाकडे तोंड करून उभी, मागे दुसरी येऊन लागली की तुम्ही अडकलात. म्हणून आम्ही फाटक पूर्ण उघडेपर्यंत रस्त्यावरच समांतर थांबतो. मागे अनोळखी गाडी वाटली तर घर सोडून पुढे, एक चक्कर. आत शिरल्यावर फाटक बंद होईपर्यंत दार उघडायचं नाही. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर, म्हणजे बाजूने काढता येते.

आमच्या शेजाऱ्यांवर फाटकातच बंदूक रोखली. त्यांनी दोन्ही हात वर दिसू दिले, पट्टा सोडायला हात खाली नेण्याआधी 'बेल्ट काढतोय' असं बोलून सांगितलं. हात अचानक खाली गेला की समोरच्याला वाटतं, हा पिस्तूल काढतोय. गाडी गेली, माणूस राहिला. लहान मूल मागे असेल तर आई-बाप आता त्याला ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवतात. उतरता उतरता मागचं दार उघडून ओढता येतं.

नाकाबंदी (निवृत्त पोलीस) :
112 लावा आणि नंबर, रंग, कुठल्या दिशेला गेली, एवढंच आधी सांगा. बाकी कहाणी मागून. फास्टॅग लगेच बंद करायची घाई नको, आधी पोलिसांना विचारा. टोलवरची नोंद तपासात कामी येते. 'आमची हद्द नाही' ऐकून घेऊ नका, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो.

तिरकस :
आणि टपरीवर इंजिन चालू ठेवून 'एकच चहा' घेणाऱ्यांनी विम्याची पॉलिसी नीट वाचावी. किल्ली गाडीतच होती म्हटल्यावर कंपनी काय म्हणेल, सांगायला नको.

रानजाई :
खूप आभार. भाऊ नवीन गाडीला जीपीएस आणि मोबाइलवरून इंजिन बंद करायचं बटण बसवणार म्हणतो. चालेल का?

जोबर्गकर :
जीपीएस जरूर, लपवून. बटणाबाबत इथे सगळे एकच सांगतात : चोर नजरेआड गेल्याशिवाय हात लावू नका. पन्नास पावलांवर गाडी बंद पडली तर तो चिडून तुमच्याकडेच परत येतो.