पंधरा मिनिटांची वऱ्हाडी श्रुतिका ‘व्हिक अँड सेड’च्या धर्तीवर कशी बसवायची?

पानठेला
नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयातली पोरंपोरी दर आठवड्याला पंधरा मिनिटांची घरगुती विनोदी श्रुतिका करून व्हॉट्सॲपवर टाकणार आहेत. नमुना म्हणून जुन्या अमेरिकन रेडिओवरची ‘व्हिक अँड सेड’ समोर आहे. दोन भाग झाले, दोन्ही फसले. पात्रं सात, त्यामुळे कोण बोलतंय तेच कळत नाही. विनोद भरपूर घातले तरी कोणी हसत नाही. आणि मोबाइलवर घेतलेला आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. काय बदलावं? वस्तू घ्यायच्या तर हजार-दीड हजाराच्या आत सांगा.

जुना_मर्फी
सात पात्रं म्हणजे लग्नाची वरात झाली. ‘व्हिक अँड सेड’ 29 जून 1932 ला शिकागोहून सुरू झाली, आणि कितीतरी वर्षं तिच्यात आवाज होते फक्त तीन: व्हिक, त्याची बायको सेड, आणि त्यांनी सांभाळलेला पोरगा रश. चौथा फ्लेचर मामा. तो कायमचा बोलू लागला तो 1940 मध्ये, व्हिकचं काम करणारे आर्ट व्हॅन हार्वे हृदयविकारानं आजारी पडले तेव्हा. म्हणजे तेही अडचणीतून.

गंमत अशी की ऐकणाऱ्याला मात्र अख्खं गाव ओळखीचं वाटतं. कारण लेखक पॉल रायमर बाकीच्यांना बोलायला आणतच नाही, त्यांच्याबद्दल फक्त बोलणं होतं. कचरा नेणारे मिस्टर गमपॉक्स, सेडची मैत्रीण रूथी स्टेमबॉटम, तिच्यासोबत यामिल्टनच्या दुकानात अंग पुसायच्या फडक्यांचा सेल पाहायला जाणं. बहीण बेसचं पत्र आलं की तिच्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या, गुडघ्याच्या वाटीची खबर आलीच. ही माणसं कानाला भेटत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी आणि पक्की उभी राहतात. बोलायला आणलं की संपलं.

आता तुमच्याकडे. व्हिक भांडीकुंडी बनवणाऱ्या कंपनीत हिशेबनीस आहे, तुमचा करा जिनिंग फॅक्टरीतला मुनीम. व्हिकचा तो भव्य नावाचा लॉज (म्हणजे हॉटेल नव्हे, पुरुषांचं बंधुमंडळ), ‘सेक्रेड स्टार्स ऑफ द मिल्की वे’, आणि त्यातलं त्याचं ‘एक्झाल्टेड बिग डिपर’ हे पद. इथे भजनी मंडळाचं उपाध्यक्षपद घ्या, फरक पडत नाही. पदाचा मान आभाळाएवढा आणि काम सतरंज्या मोजायचं, तिथे हसू आहे. सेडला बचत गट द्या. तलाठी, पिठाच्या गिरणीवाला, समोरची काकू हे सगळे नुसते नावानं.

दोनमैत्री
विनोद भरपूर घातले, तिथेच फसलं. या मालिकेत चुटके नाहीत, प्रेक्षकांचं हसू नाही, कथानकही जवळपास नाही. दोन माणसं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि दोघांना वाटतं की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. हे असं:

बायको: अजी, अकोल्याहून बाईचा फोन आलता.
मुनीम: हं. गुडघा कसा हाय?
बायको: कोणता?
मुनीम: जो दुखते तो.
बायको: दोनी दुखतेत.
मुनीम: मंग जो जास्त दुखते त्याचं सांग.
बायको: थे नाही इचारलं म्या.
मुनीम: मंग फोन कायले आलता?

शेवटची ओळ मुनीम चिडून बोलला की मेलं. त्याला खरोखरच कळत नाहीये, अशा सुरात हवी. वाचणाऱ्या पोराला ‘हे विनोदी आहे’ असं सांगूच नका, तो लगेच ओरडायला लागतो.

एका भागाला एकच क्षुल्लक विषय: पाहुण्याला परत द्यायचा डबा, सोसायटीच्या पावतीवरचं चुकलेलं नाव, कूलरची वाळ्याची जाळी यंदा बदलायची की नाही. दुसरा विषय आला की पहिला मरतो. जागाही एकच ठेवा, ओसरी किंवा स्वयंपाकघर. सुरुवातीला निवेदकाच्या दोन वाक्यांत वेळ, खोली आणि कोण काय करतंय एवढं आलं पाहिजे. मूळ मालिकेतही निवेदक सांगे की ‘पुढच्या आळीतल्या मधल्या छोट्या घरात’ आत्ता अमुक चाललंय, आणि बाजूला होई.

लांबीचं गणित असं. संवाद मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द जातो. पंधरा मिनिटांच्या भागात रायमरलाही पूर्ण पंधरा मिळत नसत, जाहिरात जाऊन अकरा-बारा उरत. तुम्ही 1,300 शब्दांवर थांबा. 1,800 लिहिलेत की पोरं घाईत वाचतात, आणि असल्या विनोदात वाक्यामागची चूप बसलेली दोन सेकंदंच कामाची असतात.

ध्वनीवाला
विहिरीचा आवाज: खोलीत सिमेंटचा गिलावा, फरशी आणि वर टिन. आवाज भिंतीवरून परत येऊन मोबाइलमध्ये शिरतो. मोबाइल मध्ये ठेवून सगळे दोन हात लांब बसले असतील, म्हणून आणखी वाईट.

उपाय फुकट आहे. दिवाळीनंतर कोणाच्या तरी घरी एका खोलीत वेचलेला कापूस साठवलेला असतोच. त्या खोलीइतका चांगला स्टुडिओ विदर्भात दुसरा नाही, तीन बाजूंनी कापूस असला की आवाजाचा परतावा जवळपास बंद. दोन पथ्यं पाळा. आत बिडी, अगरबत्ती, उघडा बल्ब काही नको. आणि फेब्रुवारीनंतर जाऊ नका, साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते आणि ते खाजवणंही रेकॉर्ड होतं. एरवी बाजेवर दोन गोधड्या उभ्या टाका, तिसरी डोक्यावरच्या वायरीवर, त्यात बसून बोला.

पैसे घालायचे तर एका वायरवाल्या कॉलर माइकवर घाला. तो कॉलरला न लावता काठीला बांधून तोंडापासून एक वीत अंतरावर, गालाच्या बाजूला धरा. थेट तोंडासमोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. मोबाइल फ्लाइट मोडवर. पंखा, फ्रिज, कूलर बंद. रेकॉर्डिंग वेव्हमध्ये (WAV, म्हणजे न दाबलेली फाइल), मोनो (एकाच वाहिनीत). मिनिटाला साधारण 5 एमबी लागते, म्हणजे एका भागाला 75-80 एमबी मोकळी ठेवा. ॲपमधली आवाज मोजणारी पट्टी मोठ्यात मोठ्या वाक्याला उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) कापून 64 केबीपीएस मोनो एमपी-3 केलं की पंधरा मिनिटं सव्वासात एमबीत बसतात, खेड्यातल्या नेटवरही उघडतात.

सुरुवातीला दहा सेकंद कोणी न बोलता खोलीची शांतता घ्या. कापाकापीत मोकळी जागा तिनंच भरायची, नाहीतर दर जोडाला आवाज ‘पडल्यासारखा’ होतो.

कागद: एका बाजूला लिहा, पिना मारू नका, आणि वाक्य पान उलटण्यावर तोडू नका. वाचून झालेलं पान मागे सरकवायचं नाही, हळूच गोधडीवर सोडायचं.

पानठेला
सगळ्यांचे आभार. तीन आवाज कोणते घेऊ? आणि भाषा वऱ्हाडी ठेवू की पुस्तकी? शेजारचा तालुका म्हणतो, वऱ्हाडी ऐकून लोक ‘खेडवळ’ म्हणून हसतील.

जुना_मर्फी
आवाज पट्टीनं वेगळे पाहिजेत: जाड पुरुषी, मध्यम बाई, आणि पातळ पोरगा. पोरगा तेरा-चौदाचा घेतला तर मधेच आवाज फुटतो आणि पंधराव्या भागाला वेगळाच मुलगा वाटतो. दहा-अकरा वर्षांची मुलगी घ्या, कानाला मुलगाच वाटतो. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्येही पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, तिघांवरच काम भागे.

दोनमैत्री
वऱ्हाडीच. पण लोक बोलीला हसायला लागले की तुमचा भाग फसला. ‘काहून’, ‘मले’, ‘थे’ हे पात्र जसं रोज बोलतं तसंच यायला हवं, जोर देऊन नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली पोरं असतील तर त्यांना वऱ्हाडी बोलायला लावू नका, त्यांची झाडीच राहू द्या. आणि निवेदक प्रमाण मराठीत ठेवा, म्हणजे वेगळा ओळखू येतो.

नावांबद्दल एक. रायमरची नावं ऐका: मिशिगनमधल्या सिशिगनचा रिशिगन फिशिगन. तुम्ही ‘मोताळ्याचे मोतीराम मोताळे’ करा, पण गावातलं खरं आडनाव घेऊ नका. नंतर ‘आमचाच गुडघा काढला’ म्हणून तंटा होतो.

ध्वनीवाला
आणखी एक राहिलं. वाचनालयात जुनं शंभर पानी रजिस्टर असेल तर ते या कामी लावा. न दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला एक पान: गाव, एक खोड, एक अर्धवट राहिलेली भानगड, आणि कोणत्या भागात काय म्हटलं ते. ‘व्हिक अँड सेड’चे साडेतीन हजारांवर भाग लिहिले गेले, त्यांतली बहुतेक ध्वनिमुद्रणं तेव्हाच नष्ट केली गेली. तुमची वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवा, नुसतं व्हॉट्सॲपवरचं एमपी-3 नाही.

आणि एखाद्या काकूंचा दुखणारा गुडघा पहिल्या भागात उजवा असेल तर विसाव्यातही उजवाच.

पानठेला
डावा लिहिलाय. रजिस्टर आजच काढतो.