शरीरात यंत्र बसवणाऱ्या कंपनीवर आजन्म देखभालीची सक्ती हवी की नको?

निशिगंध:
डोळ्यात, मेंदूत किंवा कण्यात यंत्र बसवायची परवानगी देतानाच, त्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचे पैसे कंपनीला बाजूला ठेवायला लावले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

आर्गस टूचं काय झालं ते बघा. कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीने रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे (डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणाऱ्या आजारामुळे) दृष्टी गेलेल्यांसाठी हे यंत्र बनवलं. चष्म्यातला कॅमेरा चित्र टिपतो, अंगावर बाळगायची एक पेटी त्याचे संकेत तयार करते आणि डोळ्याच्या पडद्यावरचे 60 इलेक्ट्रोड तिथल्या जिवंत पेशींना ते पोचवतात. दिसतात ते उजेडाचे ठिपके. पण दार कुठे आहे, समोर कोणी उभं आहे का, एवढं कळणंही पूर्ण अंध माणसासाठी केवढं असतं! 2013 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. किंमत दीड लाख डॉलरच्या घरात, तरी जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. 2019 मध्ये उत्पादन थांबलं, 2020 मध्ये कंपनी बुडायच्या बेताला आली, बहुतेक कर्मचारी गेले. यंत्र मात्र लोकांच्या डोळ्यांतच राहिलं. बाहेरची पेटी बिघडली की पुन्हा अंधार. हा अन्याय आहे.

वेल्हाळ:
मी वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात काम करतो आणि या सक्तीला माझा विरोध आहे. बुडालेल्या कंपनीकडून कायदा काय वसूल करणार? आणि आधीच तीस वर्षांचे पैसे ठेवायला लावलेत, तर मूठभर रुग्णांसाठी यंत्र बनवायला कोणी पुढेच येणार नाही.

तुमच्याच विषयातलं दुसरं उदाहरण देतो. पॅरिसच्या पिक्सियम व्हिजनने प्रिमा नावाची चिप बनवली, दोन मिलिमीटरची, 378 पिक्सेलची. उतारवयात दृष्टीचा मधला भाग जातो, त्या रुग्णांसाठी. तीही कंपनी बुडाली. 2024 मध्ये अमेरिकेतल्या सायन्स कॉर्पोरेशनने ते तंत्रज्ञान विकत घेतलं. 2025 मध्ये 38 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: वर्षभरानंतर तपासलेल्या 32 पैकी 26 जणांची दृष्टी लक्षणीय सुधारली होती. लोकांना अक्षरं वाचता यायला लागली, निव्वळ ठिपके नव्हेत. तुमची अट आधीपासून असती तर पिक्सियमने ही चाचणी सुरूच केली नसती.

निशिगंध:
प्रिमाला गिऱ्हाईक मिळालं म्हणून ते रुग्ण वाचले. आर्गसवाल्यांना नाही मिळालं. माणसाचे डोळे अशा नशिबावर का सोडायचे? आपल्याकडे कोळसा खाण चालवणाऱ्याला खाण बंद करण्याच्या खर्चाचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामाशिवाय हात लावता येत नाही अशा खात्यात, आधीपासून भरावे लागतात. जमिनीसाठी जे चालतं ते माणसासाठी का नाही?

रानवारा:
माझा धाकटा भाऊ नारळाच्या झाडावरून पडला. मानेखाली काही हलत नाही. त्याला हा सगळा वाद वाचून दाखवला. तो म्हणाला, "पाच वर्षं हात हलणार असेल तर मी पाच वर्षं घेईन. माझ्या वतीने नको म्हणणारे तुम्ही कोण?"

ओहायोच्या इयन बर्कहार्टला 2014 मध्ये मेंदूत चिप बसवली. मेंदूतले संकेत वाचून संगणक त्याच्या हातावरच्या पट्टीतून स्नायूंना वीज द्यायचा. लुळा हात बाटली उचलून ओतायला लागला, कार्ड सरकवायला लागला. 2021 मध्ये चिप काढावी लागली. तरी तो या क्षेत्राविरुद्ध गेला नाही, उलट चिप बसवलेल्या लोकांची संघटना बांधायला पुढे आला. आणि नेदरलँड्सचा ख्येर्ट-यान ऑस्कम! मेंदू आणि कणा जोडणाऱ्या यंत्राने तो चालायला लागला, आणि सरावानंतर यंत्र बंद असतानाही कुबड्यांवर चार पावलं टाकू लागला. यंत्र गेलं म्हणजे सगळंच गेलं, असं दरवेळी होत नाही.

तिरफळ:
रानवारा, तुमच्या भावाच्या हिमतीला नमस्कार. पण ऑस्ट्रेलियातल्या रिटा लेगेटचंही ऐका. अपस्माराचा झटका येण्याआधी सूचना देणारं यंत्र तिच्या डोक्यात होतं. ते तिला स्वतःचाच भाग वाटायला लागलं होतं. कंपनीचे पैसे संपले आणि यंत्र काढायची वेळ आली, तेव्हा घर गहाण टाकून ते विकत घ्यायची तिची आणि नवऱ्याची तयारी होती. तरीही काढलंच. संमतीच्या कागदावर सही करताना पुढे आपण कसे बदलू हे कोणाला कळतं? ती सही दाखवून कंपनीने मोकळं व्हायचं, हे मला मान्य नाही.

कानोसा:
माझ्या मुलाला कॉक्लियर इम्प्लांट आहे. ते श्रवणाच्या मज्जातंतूला थेट वीज देतं, म्हणजे याच भावकीतलं. केंद्राच्या, अपंगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेतून लहान मुलांना ते मिळतं, आम्हालाही तसंच मिळालं. कानामागच्या कातडीखालचा भाग अजून ठणठणीत आहे. आवाज टिपून आत पाठवणारा बाहेरचा प्रोसेसर बिघडला, तर "हे मॉडेल आता बंद झालंय, नवीन घ्या" असं उत्तर मिळालं. नव्याची किंमत लाखांत. कंपनी जोरात चालू आहे, तरी पोरगं कित्येक महिने काही न ऐकता वर्गात बसलं. शिकलेले शब्द तोंडातून निसटायला लागले. त्याला परत हातवारे करताना बघून माझा जीव तुटायचा.

म्हणून सांगते, कंपनी बुडण्याचीच चर्चा करू नका. कॉइल, केबल, प्रोसेसर दुसऱ्या कोणाचा का लागू नये? प्रत्येकाची जोडणी वेगळी, त्यामुळे एकदा शस्त्रक्रिया झाली की आपण जन्मभर त्यांच्या हातात.

वेल्हाळ:
ताई, एकमेकांचे भाग लावणं सुरक्षेच्या दृष्टीने सोपं नाही. किती वीज सोडायची हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं, चूक झाली तर मज्जातंतूला इजा होते. पैशांच्या सक्तीला माझा विरोध कायम आहे. पण आराखडे आणि सॉफ्टवेअर सरकारी नियामकाकडे जमा असावेत आणि कंपनीने हात वर केले की दुसऱ्याला ते बनवायची मुभा मिळावी, हे मला पटतं. त्याने नवी कंपनी मरणार नाही.

कानोसा:
आराखड्यांवरून प्रोसेसर बनून येईपर्यंत माझा मुलगा दहावीला पोचेल. एडिपमध्ये गिऱ्हाईक सरकारच आहे. मग निविदेतच लिहा: पंधरा वर्षं सुटे भाग, ठरलेल्या किमतीत, आणि मॅपिंग, म्हणजे त्या मुलाला किती वीज लागते ते जुळवून देणं, जिल्ह्याच्या ठिकाणी. ज्याला जमणार नाही त्याच्याकडून घेऊ नका. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.