मुक्त बाजार आणि हुकूमशाही, हे जमतं कसं?

प्रश्न: मुक्त बाजारवाले सतत स्वातंत्र्य स्वातंत्र्य करतात, मग चिलीत पिनोशेच्या लष्करी राजवटीला सल्ले द्यायला हीच मंडळी कशी काय पुढे? बाजार मोकळा आणि माणसं तुरुंगात?

प्रतिसाद १: जमतं, कारण विरोध करायला कोणी उरतच नाही. १९७३ ला सत्तापालट, संसद बंद, युनियन मोडल्या, मग शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या चिलीच्याच लोकांनी भराभर सरकारी खर्च कापला, कंपन्या विकल्या, आणि त्यांचे गुरू, मुक्त बाजारवाले अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन १९७५ ला पिनोशेला भेटून पण आले. तांब्याची सरकारी कंपनी मात्र विकली नाही हं, तिच्या विक्रीतले १० टक्के थेट लष्कराला जायचे!

प्रतिसाद २: आणि १९८१ ला पेन्शन सरकारकडून काढून खाजगी कंपन्यांकडे दिली तेव्हा? लष्कर आणि पोलीस बरोब्बर वगळलेले. काय ते समजा.

प्रतिसाद ३: मुक्त बाजाराचे दुसरे मोठे अर्थतज्ज्ञ हायेक तर उघड म्हणाले होते की उदारमतवाद नसलेल्या लोकशाहीपेक्षा उदारमतवादी हुकूमशहा परवडला. मला हे कधीच पटलं नाही, हुकूमशहा उदार राहील याची गॅरंटी कोण देणार? बाकी १९८२-८३ ला बँका गाळात गेल्या तेव्हा सरकारनेच त्या ताब्यात घेतल्या, तेव्हा कुठे गेला मुक्त बाजार 😄