रंग की पॉलिश, हे आधी ठरवावे
दार-भिंतींच्या कडांना लावायच्या मोल्डिंगच्या (शोभेच्या) सर्व पट्ट्या एमडीएफच्याच (लाकडाचे तंतू डिंकासह दाबून बनवलेल्या फळीच्या) घ्याव्यात, असे सुचवले जाते; त्याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. मोल्डिंगला अपारदर्शक रंग द्यायचा असेल तर एमडीएफ उत्तम, कारण त्यात गाठी नसतात. मात्र पाणी मुरल्यास त्याच्या कडा फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत, म्हणून रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीलगतच्या स्कर्टिंगसाठी (भिंतीच्या तळाच्या पट्टीसाठी) ते टाळावे. पॉलिशखाली लाकडाच्या रेषा दिसायला हव्या असतील, तर भरीव लाकूड घ्यावे. हवेतील ओलाव्यानुसार ते रुंदीत फुगते व आकसते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. त्यामुळे दाराच्या रुंद चौकटपट्टीचे 45 अंशांत कापलेले कोपरे कोरड्या हवेत आतल्या बाजूने उघडतात. म्हणून पट्ट्या बसवण्यापूर्वी काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात. खोल नक्षीत धूळ साचते, हे (स्वानुभवाने सांगतो) खरेदीच्या वेळी कोणालाच आठवत नाही.