ल्योंमध्ये नव्याने: बाजार, कणीक आणि बाहेरचं खाणं

कांदेपोहे
सप्टेंबरपासून फ्रान्समधल्या ल्योंला दोन वर्षांचा मुक्काम. खोली गियोतिएर भागात, इंडक्शनच्या दोन शेगड्या, ओव्हन नाही. अंडी चालतात, मांस-मासे नाहीत. भाजी कुठून घ्यायची, पोळ्यांना पीठ कुठलं, बाहेर खाताना काय जपायचं? "सुपरमार्केटात सगळं मिळतं" एवढंच उत्तर नको.

पाटावरवंटा
भाजीला क्रुआ-रूसचा बाजार (मेट्रो सी, स्टेशनही त्याच नावाचं) किंवा सोन नदीकाठचा सेंत-आंत्वानचा. दोन्ही सोमवार सोडून रोज सकाळी. एकच्या सुमारास आवराआवर सुरू होते. आधी "बोंझूर", मग भाजी. टोपली हातात दिली नसेल तर टोमॅटो दाबून बघू नका, तो विक्रेता निवडून देतो. घासाघीस नाही. "युन लीव्र" म्हणजे अर्धा किलो, "युन दमी-लीव्र" पाव.

"प्रोद्युक्त्यर" अशी पाटी म्हणजे माल स्वतः पिकवणारा. त्याच्याकडे मोजक्याच, हंगामी भाज्या असतात. जानेवारीत टोमॅटो, वांगी, आंबे एकाच गाळ्यावर दिसले की तो घाऊक बाजारातून आणून विकणारा, हे ओळखावं. आवरताना भाव उतरतात, पण ती पिकलेली पेटी त्याच दिवशी चुलीवर चढवायची तयारी हवी. सुटे पैसे जवळ असू द्या, लहान गाळ्यांवर कार्डाला किमान रकमेची अट असते.

प्रसिद्ध शेफ पोल बोक्यूजच्या नावाचं हाल, म्हणजे छताखालचा बाजार (१९७१चा, नाव २००६मध्ये दिलेलं), बघायला जरूर जा. रोजच्या भाजीला मात्र ते खिशाला जड.

तवाफुलका
पिठाच्या पुड्यावर टी-४५ ते टी-१५० असा आकडा असतो. पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेवरून तो ठरतो. आकडा मोठा तितका कोंडा जास्त. टी-५५ म्हणजे जवळपास मैदा. पोळीला टी-८० किंवा टी-११० घ्या. आपल्या सवयीने पाणी ओतलंत तर गोळा हाताला चिकटतो: हा गहू मऊ जातीचा, आपल्या कणकेइतकं पाणी पीत नाही. २०० ग्रॅमला ११०–१२० ग्रॅम पाण्यापासून सुरुवात करा, अर्धा तास झाकून ठेवा, मगच लागलं तर वाढवा. इंडक्शनवर फुलका आचेवर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्याने कडेकडेने दाबायचा. तव्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे, नाहीतर शेगडी चालूच होणार नाही.

पनीरला शेल्फवरचं यूएचटी दूध नको. ते फार तापवलेलं असल्याने चोथा मऊ राहतो, वडी धरत नाही. फ्रीजमधलं ताजं, लाल झाकणाचं ("आंत्ये", म्हणजे साय न काढलेलं) घ्या.

कांदेपोहे
छान! रवा कुठला? शिऱ्याला कुसकुस चालेल?

तवाफुलका
नाही. कुसकुस आधीच वाफवलेला असतो, तो फुगून लगदा होतो. "सेमूल फीन" मागा आणि पुड्यावर "कुसकुस" लिहिलेलं नाही ना, ते बघा. मसूर डाळ म्हणजे "लांती कोराय". हे सगळं, शिवाय कोथिंबिरीच्या जुड्या, तुमच्याच गियोतिएरमधल्या मगरिबी (उत्तर आफ्रिकी) आणि आशियाई दुकानांत मिळेल.

साईभात
बाहेरच्या खाण्याचं: ल्योंची सॅलड म्हणजे अंडं आणि "लार्दों", अर्थात डुकराच्या चरबीचे तुकडे. "सां लार्दों" (लार्दोंशिवाय) सांगा, पण ड्रेसिंगही त्याच तव्यात होतं, तेही विचारा. "कनेल" म्हणजे उकडलेली मऊ वळकटी, बहुधा ब्रोशे माशाची. साधी "नातूर" मागा आणि सॉसची चौकशी करा, त्यात अनेकदा चिंगाट (झिंग्यासारखा जलचर) असतं. "सेर्वेल द कान्यू"चा अर्थ विणकराचा मेंदू, पण आत फक्त फ्रोमाज ब्लां (मऊ ताजं चीज), कांद्याच्या जातीचा एशालोत आणि चाइव्ह्जची पात. बिनधास्त खा. "ताब्लिए द सापर" मात्र गाईच्या पोटाचा तुकडा.

चीजच्या वेष्टनावर "प्रेझ्युर" असेल तर ते वासराच्या पोटातलं विरजण. कोंते नावाचं चीज त्यानेच होतं. कडक पाळत असाल तर "व्हेजेताल" (वनस्पतिजन्य) किंवा "मिक्रोबियँ" (सूक्ष्मजीवांपासूनचं) शब्द शोधा.