भोवरा थरथरतो, जाळी घसरते : आर नेमकी कशी बसवायची?

चिंचेची_सावली (प्रश्न)

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वसाहतीतल्या ८ ते १२ वयाच्या मुलांना भोवरा शिकवायचा आहे. १२ लाकडी भोवरे आणलेत. व्यास साधारण ५ सेंमी, वर लाखेचा चकचकीत रंग, खाली खिळ्याची आर (भोवरा ज्या टोकावर फिरतो ते). अडचणी अशा :

पाच भोवरे जमिनीवर पडल्यापासून थरथरतात. हातावर घेतले की तळव्याला टोचतात. आणखी दोन थरथरत नाहीत, पण एका जागी उभे न राहता अंगणभर भटकतात. सोबत आलेली जाळी (भोवऱ्याला गुंडाळायची दोरी) नायलॉनची आहे, ती गुंडाळता गुंडाळताच सुटते. एक मुलगी डावखुरी आहे, तिचा भोवरा दर वेळी आडवाच पडतो.

रिंगणाच्या खेळाचे नियमही कुणीतरी नीट लिहा. लहानपणी हे सगळं हाताला ठाऊक होतं, शब्दांत कुणी कधी सांगितलंच नाही. त्यामुळे आता मुलांना सांगायची वेळ आली की शब्द अडतात. मापांसकट सांगितलंत तर फार बरं होईल.

रंधा_आणि_कानस

आधी थरथरणं आणि डोलणं यात फरक करा. थरथर म्हणजे भोवरा भराभर हादरतो, हाताला झिणझिण्या येतात, आवाज घरघरता येतो. हा भोवऱ्याचा दोष. डोलणं म्हणजे भोवरा तिरका राहून डोकं सावकाश गोल फिरवतो. तो बहुतेक वेळा टाकण्यातला दोष असतो, भोवऱ्याला हात लावू नका.

तुमच्या पाच भोवऱ्यांच्या आरी मध्यावर नाहीत किंवा तिरक्या गेल्या आहेत. बघायची सोपी रीत : आरीचं टोक डोळ्यासमोर धरून भोवऱ्याकडे सरळ पाहा. कातारी (लाकूड कातणारा कारागीर) भोवरा कातताना पटाशीच्या बारीक गोल रेघा उमटतात. आर त्या वर्तुळांच्या बरोबर मध्यात ठिपक्यासारखी दिसली पाहिजे. एखादा मिलिमीटर सरकलेलीही डोळ्याला कळते. खात्री करायची तर आर ड्रिलच्या चकमध्ये धरा, अगदी सावकाश फिरवा आणि भोवऱ्याच्या पोटाजवळ पेन्सिल स्थिर धरा. पेन्सिल एकाच बाजूला घासली तर आर वाकडी आहे.

वाकडी आर हातोडीने ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका. भोक मोठं होतं आणि चार फेकींत ती परत हलते. पकडीने धरून, थोडी फिरवत उपटा. भोकात फेव्हिकॉल लावलेली लाकडाची गुल्ली ठोका आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग गुल्ली कापून सपाट करा, मध्य नव्याने काढा आणि तिथे पंचाने खड्डा पाडा, नाहीतर ड्रिल घसरेल.

आरीसाठी ४ मिमी जाडीचा लोखंडी खिळा घ्या. भोक ३.५ मिमीचं आणि २५ मिमी खोल. ड्रिलच्या पात्याला २५ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. भोक न पाडता खिळा ठोकला तर दोन गोष्टी होतात. भोवऱ्यात लाकडाचे रेषे उभे, अक्षाच्याच दिशेने असतात, त्यामुळे खिळा रेषांच्या मधून वाट काढत तिरका जातो. आणि पाचर मारल्यासारखं लाकूड उभं तडकतं. बाजारच्या भोवऱ्यांत बहुतेक वेळा हीच घाई झालेली असते.

खिळ्याचं डोकं हेक्सॉने कापा आणि कापलेली बाजू आत घाला, टोक बाहेर ठेवा. बाहेर १० ते १२ मिमी राहू द्या. यापेक्षा लांब ठेवली तर सगळं वजन उंच जातं आणि वेग थोडा कमी झाला की भोवरा कलंडतो. आखूड ठेवली तर जरा तिरका होताच पोट जमिनीला टेकतं, शिवाय जाळीच्या पहिल्या वेढ्यांना जागा उरत नाही.

जे दोन भटकतात त्यांच्या आरीचं टोक पाहा. खिळा उलटा बसवून कापलेलं टोक तसंच सपाट सोडलेलं असणार. भोवरा त्या सपाट टोकाच्या कडेवर चालत सुटतो. कानशीने गोलसर करा, मग पॉलिश पेपर फिरवा. दहा मिनिटांचं काम.

सुताचा_गुंडा

जाळीबद्दल. नायलॉन काढून टाका. लाखेवर नायलॉन म्हणजे गुळगुळीतावर गुळगुळीत, वेढा धरायला काहीच नाही. सुती, पीळ घातलेली, ३ मिमीच्या आसपास जाडीची दोरी घ्या.

लांबी अंदाजाने कापू नका, हिशोब सोपा आहे. आरीपासून सर्वांत फुगीर भागापर्यंत उतार ५ सेंमी धरला, तर ३ मिमीच्या दोरीचे १६ वेढे बसतात. वेढ्याचा व्यास आरीपाशी अर्ध्या सेंमीचा आणि वर ५ सेंमीचा, म्हणजे सरासरी पावणेतीन. एका वेढ्याला सुमारे साडेआठ सेंमी, १६ वेढ्यांना १३५ ते १४० सेंमी. हातात धरायला २० सेंमी सोडा. म्हणजे एकूण १६० सेंमी. लहान मुलांचा हात तेवढा मागे जात नाही, त्यांना १२५ ते १३० सेंमी पुरते. वेढे फुगीर भागाच्या अलीकडेच थांबतील, हरकत नाही.

हाताकडच्या टोकाला सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच ठोकून चपटं करून लावायची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. कडा कानशीने मारा, मध्ये भोक पाडा, दोरी ओवून गाठ मारा आणि बूच मधलं बोट व अनामिका यांच्या मागे अडकवा. बोटात फास अडकवू नये, ओढ बसली की बोट काचतं.

आरीकडचं टोक सेंटिमीटरभर उसवा, ओलं करा, अंगठ्याखाली परत पीळ द्या आणि वाळू द्या. ते निमुळतं होतं आणि पहिला वेढा घट्ट बसतो. गुंडाळताना टोक भोवऱ्याच्या पोटावर अंगठ्याने दाबून धरा, दोरी खाली आरीकडे न्या, आरीला दोन वेढे करकचून द्या आणि मग वर चढत या. चढताना दाबून धरलेला भाग वेढ्यांखाली जातो, तोच अडकण. वेढा वेढ्याला चिकटून हवा, वेढ्यावर वेढा चढला तर फेकताना तिथे झटका बसतो आणि भोवरा तिरका सुटतो.

अख्खी जाळी पाण्यात भिजवून वापरली तर पकड आणखी चांगली येते.

गुंगता_भोवरा

वरच्या शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. सुती दोरी भिजली की फुगते, वेढे एकमेकांत रुततात. गुंडाळताना छान वाटतं, पण सुटताना शेवटचे दोन वेढे आरीला धरून बसतात आणि भोवरा दोरीसकट मागे येतो, थेट फेकणाऱ्याच्या अंगावर. मुलांसाठी हे धोक्याचं आहे. बोटभर टोक ओलं केलं तेवढं पुरे.

लाखेवर घसरतच असेल तर पोटाच्या खालच्या निम्म्या भागावर १२० नंबरचा पॉलिश पेपर आडवा फिरवा. चकाकी जाईल, रंग राहील.

आता टाकणं. नवशिक्याला आर खाली ठेवूनच शिकवा. अंगठा भोवऱ्याच्या डोक्यावर, तर्जनी आणि मधलं बोट पोटाला खालून. हात कमरेच्या उंचीवर, भोवरा दोन पावलं पुढे टाकायचा, जमिनीवर आपटायचा नाही. हात पुढे जाऊन जाळी जवळपास संपत आली की मनगटाने मागे ओढ. सगळी करामत या ओढीच्या वेळेत आहे. ओढ लवकर बसली तर भोवरा मागे वळून पायाशी येतो. उशिरा बसली तर फिरकी अर्धीच मिळते, तो दोन गिरक्या घेऊन मरतो. मुलांना सांगायला सोपं वाक्य : ‘आधी दे, मग ओढ.’

भोवरा सुटताना डोकं आभाळाकडे असलं पाहिजे. अंगठा उशिरा निघाला की डोकं पुढे झुकतं. तिरका पडूनही फिरकी भरपूर असेल तर गोलसर आर जमिनीवर घासत घासत त्याला स्वतःच उभा करते. सुरुवातीला गरगर डोलतो, मग डोलणं लहान होत जातं आणि एका जागी खिळल्यासारखा उभा राहून गुंगायला लागतो. वरचे रंगाचे पट्टे त्या क्षणी इतके स्थिर दिसतात की फिरतोय हे कळतच नाही. मुलांना तो क्षण जवळ बसवून दाखवा.

डावखुऱ्या मुलीचं : तिचा काहीच दोष नाही. तिला उजव्या हाताच्या माणसाने गुंडाळून दिलेला भोवरा मिळत असणार. डाव्या हाताला सगळं आरशातल्यासारखं उलटं लागतं. तिने भोवरा उजव्या हातात धरून डाव्या हाताने स्वतः गुंडाळावा, वेढ्यांची दिशा तुमच्या बरोबर उलट. मग जाळी बोटांना आडवी न येता सरळ सुटते.

चिंचेची_सावली

डावखुरीच्या बाबतीत तुम्ही म्हणता तसंच होत होतं, मीच गुंडाळून देत होतो. आणखी एक : आमच्याकडे अर्धं अंगण मातीचं, अर्धं सिमेंटचं. आर दोन्हीकडे एकच चालेल का? आणि पुढच्या वेळी भोवरे घेताना लाकूड कुठलं बघू?

रंधा_आणि_कानस

मातीला थोडी टोकदार चालते, ती जागा धरते. सिमेंटवर गोलसरच हवी, टोकदार आर ओरखडे काढत सरकते आणि भोवऱ्याला उभं राहायला वेळ लागतो. एकच ठेवायची तर गोलसर ठेवा आणि मातीचा तुकडा पाणी शिंपडून, चोपून टणक करा. भुसभुशीत मातीत कुठलीच आर चालत नाही.

लाकूड सुकलेलं आणि बिनगाठीचं हवं. गाठ एका बाजूला आली की ती बाजू जड, मग आर कितीही मध्यावर असो, थरथर राहणारच. ओल्या लाकडाचा भोवरा उन्हाळ्यात तडकतो आणि आर सैल होते. रिंगणात कोच (दुसऱ्या भोवऱ्याच्या आरीचे घाव) खायचे असतील तर बाभूळ, शिसम, खैर अशी जड लाकडं. जड भोवरा फिरकी धरून ठेवतो, पण लहान मुलाच्या मनगटाला पेलत नाही. ८–९ वर्षांच्या मुलाला शिवणीचा हलका भोवरा द्या. सावंतवाडीच्या चितारआळीतली किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखकामाची खेळणी फार देखणी असतात. चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं मऊ, पांढरट लाकूड वापरतात. असे भोवरे फिरवून बघायला सुंदर, पण त्यांच्यावर कोच मारू नका, जीव हळहळतो.

आळीतला_गडी

रिंगणाचे नियम लिहितो. गावागणिक फरक आहेत, हा सर्वांत सुटसुटीत प्रकार.

जमिनीवर मीटरभर व्यासाचं रिंगण. ‘चला’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम भोवरे टाकायचे आणि फिरता भोवरा जाळीने उचलून हातात झेलायचा : जाळीचा मधला भाग आरीभोवती घालून वर हिसका. ज्याचा सर्वांत शेवटी झेलला जाईल, किंवा फिरलाच नाही, त्याचा भोवरा रिंगणात आडवा ठेवायचा. बाकीच्यांनी आपापला भोवरा त्यावर नेम धरून टाकायचा. नेम लागो न लागो, टाकलेला भोवरा फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर तोही रिंगणात. धक्क्याने रिंगणातला भोवरा रेषेबाहेर गेला की तो सुटला. नेम मारणाऱ्याचा भोवरा रिंगणातच मेला तर त्याला तिथेच राहावं लागतं, ही अट गाळू नका, खेळाची सगळी चुरस तिच्यात आहे.

शेवटी हरलेल्या भोवऱ्याला ठरलेले कोच : भोवरा मातीत अर्धा पुरून जिंकणाऱ्याने आपली आर हाताने त्यावर मारायची. लहान मुलांच्या खेळात हा भाग सोडून द्या. नवा भोवरा फुटला की मूल खेळच सोडतं. त्याऐवजी खडूने ठिपका द्या, डाव संपला की मोजा.

सुरक्षेचं : नेम मारताना बाकीच्यांनी रिंगणापासून ३ मीटर मागे, पायात बूट, आणि फेकणाऱ्याच्या समोर कुणीही नाही. नेम एका वेळी एकच जण मारणार. डोक्यावरून आपटून मारायची फेक १२ वर्षांखालच्यांना देऊ नका.

हातजाळी, म्हणजे भोवरा जमिनीवर न टाकता थेट तळव्यावर झेलणं, मुलं मागतीलच. थेट तिथे उडी नको. आधी जमिनीवर गुंगणारा भोवरा उचलू द्या : तर्जनी आणि मधलं बोट यांची कात्री करून आरीच्या दोन्ही बाजूंनी जमिनीलगत सरकवायची, मग तळहात वळवून वर घ्यायचा. हे दहातून सात वेळा जमलं की हातजाळी. त्यात भोवरा किंचित वर आणि पुढे टाकतात, जाळी संपता संपता मागे ओढतात. तो हवेतूनच परत येतो, तळवा उघडा ठेवून खाली घ्यायचा. तळवा ताठ ठेवला तर आर उसळते, आणि झेलायला म्हणून हात वर नेला तर ती टोचते. भोवऱ्याबरोबर हात वीतभर खाली गेला पाहिजे.

पावसाळ्यात ठेवताना आरीला खोबरेल तेलाचं बोट लावा. जाळी भोवऱ्यावर गुंडाळून ठेवू नका, लाखेला वळ पडतात आणि दोरी दमट राहून कुजते. वेगळी, सैल गुंडी करून ठेवा.