मलावीत रेल्वे आहे का? ब्लँटायरला माल पाठवायचाय

केळीवाला रावेर
राम राम मंडळी. जळगावहून ठिबकचं मटेरियल मलावीला चाललंय, फिटिंगसाठी मलाही जायचंय. कंटेनर न्हावा शेवाहून निघून मोझांबिकच्या बैरा बंदरात उतरणार, तिथून ब्लँटायर. नकाशात रेल्वेलाइन दिसतेय मग शेठ ट्रकचंच भाडं का धरतोय? अन् मला ब्लँटायरहून राजधानी लिलाँग्वेला ट्रेन मिळेल का?

भुसावळ यार्ड
नकाशातली लाइन अन् चालणारी लाइन यातला फरक आपल्या पाचोरा-जामनेरवाल्यांना विचार भो. ब्लँटायरला गाडी 1908 ला आली, 1935 ला झांबेझीवर साडेतीन किमीपेक्षा लांब पूल झाला म्हणून बैरा जोडलं गेलं, पण 1977 ते 1992 मोझांबिकमधे यादवी चालली त्यात त्या लाइनचं वाटोळं झालं. आता जोरात चालतो तो मोआतिझे खाणीचा कोळसा, मोझांबिकातून निघून मलावीच्या दक्षिणेतून आरपार अन् परत मोझांबिकात नकाला बंदरावर. 2022 पासून ती खाण जिंदाल ग्रुपकडे आहे बरं का. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 1067 मिमी, आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा जेमतेम चार बोटं रुंद.

नंदुरबारी
मी राहून आलोय. प्रवासाला ट्रेन डोक्यातून काढूनच टाक. एम-1 हा उत्तर-दक्षिण मेन रोड, लिलाँग्वे-ब्लँटायर त्याच्यावरच, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. मिनीबस म्हणजे अस्सल काळी-पिवळी, भरल्याशिवाय हलत नाही, कंडक्टर निघालो निघालो म्हणत अजून चार जण कोंबतो, त्यापेक्षा मोठी बस बघ. रात्री मात्र निघू नको, बिनलाइटच्या सायकली असतात अन् ट्रक बंद पडला की मागे रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकून ठेवतात, त्या दिसल्या की ब्रेक. गावात काबाझा, सायकलच्या कॅरियरवर गादी बांधलेली, बस डबलसीट.
भाड्याचं म्हणशील तर देशाला समुद्र नाही, डिझेलसुद्धा बाहेरून येतं, डॉलर आटले की पंपावर रांगा. आणि नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, मार्च 2023 च्या फ्रेडी वादळात दक्षिणेतले रस्ते-पूल वाहून गेले होते, तेव्हा माल पाठवायचा महिना शेठला नीट बघायला सांग.

केळीवाला रावेर
आते समजनं भाऊ. फिल्टर, व्हेंचुरी (ठिबकमधून खत सोडायचं साधन) असलं थोडं सामान बसमधे सोबत नेऊ देतात का पण?

नंदुरबारी
देतात की, मक्याची पोती चढतात तर तुझा फिल्टर काय. लगेजचे पैसे चढायच्या आधीच ठरव.